हृदयं जपणारा पुणेकर

परवा आईची अँजिओग्राफी झाली. तिन्ही रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साठून त्या दगडासारख्या झाल्यात, बायपासच करावी लागेल, असं डॉक्टर म्हणाले. मला एकदम डॉ. नीतू मांडके आठवले.

मांडके आपल्या पुण्याचे. बी. जे. मेडिकलमध्ये शिकले आणि मुंबईत हृदयशल्यविशारद म्हणून नावारूपाला आले. बाळासाहेब ठाकरे यांची बायपास त्यांनीच केली. क्षार धरून तुंबलेला नळ फोडत न बसता शेजारून नवा पाइप टाकावा, तशीच ही शस्त्रक्रिया. पायातली शीर किंवा छातीतली धमनी घेऊन अडथळ्याच्या पुढे जोडायची. आता हिरेकणांचं ड्रिल आणि लहरींनी कॅल्शियम फोडणारा फुगाही आलाय. पण तिन्ही वाहिन्या बिघडल्या की अजूनही बऱ्याचदा बायपासच.

अंधेरीला मोठं रुग्णालय उभारायचं, हे मांडक्यांचं स्वप्न. ते अपुरं असतानाच २२ मे २००३ रोजी, वयाच्या ५५व्या वर्षी, हृदयविकाराच्या झटक्यानं ते गेले. त्यांच्या पत्नी डॉ. अलका या भूलतज्ज्ञ. पुढे २००९मध्ये तिथेच कोकिलाबेन अंबानी यांच्या नावानं रुग्णालय सुरू झालं.

इतक्यांची हृदयं सांभाळणाऱ्यालाही स्वतःच्या हृदयानं सवलत दिली नाही. मग आपलं काय? आई वर्षभर जिना चढताना थांबायची, वय झालं म्हणायची. आम्हीही मान डोलावली, याची आता बोचणी लागलीय. मैत्रिणींनो, धाप, जबड्यात किंवा पाठीत दुखणं, उगाचचा थकवा अंगावर काढू नका. कुकर नंतरही लावता येतो.