अठ्ठाविसाव्या वर्षी गेलेली ‘आजीबाई’

पाककृतीचं पुस्तक उघडलं की मी आधी साहित्य आणि प्रमाण बघते. तुम्हीही तेच करत असाल ना? ही मांडणी विलायतेत घरोघरी पोचवली ती इसाबेला बीटन यांनी.

१८३६ साली लंडनला जन्मलेली ही मुलगी सख्ख्या-सावत्र २१ भावंडांच्या घरात धाकट्यांना सांभाळतच मोठी झाली. १८५६ मध्ये सॅम्युअल या प्रकाशकाशी लग्न झालं. त्याच्या स्त्रियांसाठीच्या मासिकात ती लिहू लागली. १८५७ मध्ये पहिलं बाळ तीन महिन्यांचं होऊन गेलं, तरी लेखणी थांबली नाही.

१८६१ मध्ये तिचं गृहव्यवस्थेवरचं हजारावर पानांचं पुस्तक निघालं. वर्षभरात ६० हजार प्रती खपल्या! पाककृती बहुतेक जुन्या पुस्तकांतल्या, काही वाचक बायकांनी पाठवलेल्या. पण साहित्य, वेळ, खर्च, किती माणसांना पुरेल, हे सगळं तिनं नीट मांडलं. नवख्या सुनेला आणखी काय हवं?

वाचकांना वाटे, लिहिणारी कुणी पिकल्या केसांची आजीबाई असणार. प्रत्यक्षात १८६५ मध्ये, चौथ्या बाळंतपणानंतर आठवड्याभरात ती ज्वरानं गेली. वय अवघं २८.

बाळंतिणीला हात लावण्याआधी हात स्वच्छ धुवावेत, हे तेव्हा बहुतेक डॉक्टरांनाही पटलेलं नव्हतं. आणि ही बाई घराघराला स्वच्छतेचे धडे देत होती! पुस्तकाच्या आवृत्त्या मात्र निघतच राहिल्या. पुस्तक म्हातारं झालं, तिला तेवढं आयुष्य मिळालं नाही.