विरजणाचा वैद्यक : इल्या मेचनिकोव

प्रतिजैविकांचा क्रम पूर्ण होतो, मूळ दुखणे बरे होते आणि काही दिवसांतच रुग्णाला जुलाब सुरू होतात. औषधाने ते थांबतात. औषध संपले की विकार पुन्हा उलटतो. क्लॉस्ट्रिडिओइडीस डिफिसील नावाच्या जिवाणूचा हा संसर्ग वृद्धांच्या आणि दीर्घकाळ इस्पितळात राहिलेल्यांच्या जिवावर बेतू शकतो. निरोगी माणसाच्या आतड्यातील असंख्य जिवाणू त्याला थारा देत नाहीत. प्रतिजैविके रोगजंतूंबरोबर या राखणदारांनाही मारतात आणि शत्रूला मोकळे रान मिळते. आतड्यात असे राखणदार असतात, हा विचार ज्यांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी रुजवला, ते शास्त्रज्ञ म्हणजे इल्या मेचनिकोव.

मेचनिकोव यांचा जन्म १८४५ साली, आजच्या युक्रेनमधील खारकीव शहराजवळच्या एका खेड्यात झाला. विद्यापीठाचा चार वर्षांचा अभ्यासक्रम त्यांनी दोनच वर्षांत संपवला आणि पुढे ओडेसा येथे ते प्राणिशास्त्राचे प्राध्यापक झाले. बुद्धी तल्लख असली तरी मन मात्र हळवे होते. पहिली पत्नी ल्युडमिला विवाहसमयी क्षयाने इतकी खंगलेली होती, की तिला खुर्चीत बसवून चर्चमध्ये न्यावे लागले. १८७३ मध्ये ती गेली आणि मेचनिकोव यांनी आत्महत्येचा प्रयत्न केला. सुदैवाने तो फसला. पुढे दुसरी पत्नी ओल्गा हिला विषमज्वर झाला. या खचलेल्या काळात त्यांनी उलटून येणाऱ्या तापाचे जंतू स्वतःला टोचून घेतले. त्याही वेळी ते मरणाच्या दारातून परतले.

१८८२ साली सिसिलीतील मेसिना येथे त्यांच्या आयुष्याला वळण मिळाले. तारामाशाच्या पारदर्शक अळीत त्यांनी गुलाबाचा काटा खुपसला. दुसऱ्या दिवशी पाहिले, तर फिरत्या पेशींनी त्या काट्याला वेढा घातला होता. शरीरातील काही पेशी परक्या कणांना आणि जंतूंना गिळून टाकतात, हा भक्षक पेशींचा सिद्धान्त त्यातून जन्मला. १८८८ मध्ये ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत दाखल झाले आणि अखेरपर्यंत तेथेच राहिले. भक्षक पेशींच्या कार्यासाठी १९०८ साली पॉल एर्लिक यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ओडेसातील त्यांचे विद्यार्थी वाल्डेमार हाफकिन हेही पॅरिसला आले आणि पुढे पटकीची लस घेऊन भारतात पोहोचले; प्लेगची लस त्यांनी मुंबईतच तयार केली. मुंबईत परळची संस्था आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

आतड्यातील जिवाणूंकडे मेचनिकोव वळले ते पटकीमुळे. एकाच गावात काहींना पटकी होते आणि काहींना नाही, असे का, हा प्रश्न त्यांना सतावत होता. १८९०च्या दशकात त्यांनी स्वतः पटकीचे जंतू प्याले; काहीच झाले नाही. मात्र तेच जंतू घेतलेला एक स्वयंसेवक मरता मरता वाचला. या फरकाचे कारण शोधताना त्यांना दिसले, की काही जिवाणूंच्या सहवासात पटकीचे जंतू जोमाने वाढतात, तर काहींच्या सहवासात खुंटतात. म्हणजे रोग होणे न होणे हे शत्रूच्या बळावर जसे, तसेच घरात आधीपासून कोण राहते यावरही अवलंबून असते.

याच सुमारास संस्थेतील आंरी तिसिए यांना अंगावर पिणाऱ्या बाळांच्या आतड्यात बायफिडोबॅक्टेरिया आढळले. १९०५ मध्ये स्टामेन ग्रिगोरोव या बल्गेरियन तरुणाने आपल्या देशाच्या दह्यातील जिवाणू ओळखला. दही खाणारे बल्गेरियन शेतकरी दीर्घायुषी असतात, या समजाला मेचनिकोव यांनी शास्त्राची जोड देऊ पाहिली. स्वतः ते नित्यनेमाने आंबवलेले दूध घेत. त्यांच्या लेखनामुळे युरोपात दह्याची लाट आली.

येथे त्यांची चूकही सांगायला हवी. मोठे आतडे निरुपयोगी असून त्यातील विषांमुळे वार्धक्य येते, असे ते मानत. त्या मताच्या प्रभावाखाली काही शल्यविशारदांनी रुग्णांची मोठी आतडी कापून काढली. दह्यातील तो जिवाणू आतड्यात कायमचा वस्ती करत नाही, हेही पुढे स्पष्ट झाले. अगदी अलीकडे, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील सुमारे तीन हजार वृद्ध रुग्णांच्या चाचणीत, उपकारक जिवाणूंच्या कॅप्सूलने प्रतिजैविकांनंतरचे जुलाब टळल्याचा पुरावा मिळाला नाही.

मूळ विचार मात्र टिकला. त्याच वर्षी नेदरलँड्समधील चाचणीत, वारंवार उलटणाऱ्या संसर्गाच्या १६ रुग्णांच्या आतड्यात निरोगी दात्याच्या मलातील जिवाणू सोडण्यात आले. पहिल्याच उपचारात १३ जण बरे झाले. केवळ व्हँकोमायसिन घेणाऱ्या १३ जणांपैकी चौघेच बरे झाले. एखाद-दुसऱ्या जिवाणूने जे साधले नाही, ते संपूर्ण वस्ती पुन्हा वसवल्याने साधले. अर्थात हा उपचार दात्याची काटेकोर तपासणी करून तज्ज्ञांनीच करायचा असतो. प्रतिबंधाचा मार्ग त्याहून साधा आहे : गरजेविना प्रतिजैविके घेऊ नयेत आणि रुग्णाची शुश्रूषा करताना साबण-पाण्याने हात धुवावेत, कारण या जिवाणूचे बीजाणू अल्कोहोलच्या सॅनिटायझरने मरत नाहीत.

जुलै १९१६ मध्ये, वयाच्या ७१व्या वर्षी, मेचनिकोव पॅरिसमध्ये निवर्तले. पेनिसिलिनचा शोध त्यानंतर बारा वर्षांनी लागला. प्रतिजैविकांनी रिकामे केलेले आतडे त्यांनी कधी पाहिलेच नाही. त्यांचा रक्षाकलश पाश्चर संस्थेच्या ग्रंथालयात आहे. त्यांनी विचारलेला प्रश्न मात्र आजही प्रत्येक औषधचिठ्ठीमागे उभा आहे : शत्रूला मारताना आपण घरच्या कुणाकुणाला गमावतो?