मेकॅनोचा जनक : फ्रँक हॉर्नबी

सुलतान बाजारातल्या आमच्या घरी पत्र्याच्या ट्रंकेत एक जुनी पुस्तिका आहे. आजोबांच्या लहानपणी मेकॅनोच्या संचाबरोबर आलेली. संच मात्र नाही. घरच्या एका अडचणीच्या वर्षी तो विकला गेला आणि घेणाऱ्याने पुस्तिका मागितलीच नाही. तिच्यापायी मला हा नाद लागला. कोठीच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत मित्र गाइडे शोधतात, मी खेळण्यांच्या पुस्तिका. आमचा हा भाग १९३३ पर्यंत इंग्रज रेसिडेन्सीच्या अमलाखाली होता, म्हणून की काय, रद्दीत असले काही अधूनमधून सापडते. आजवर सात जमल्या, त्यांतल्या तीन अर्धवट. त्यांतून ज्या माणसाची ओळख झाली, त्याच्याविषयी हे चार शब्द.

फ्रँक हॉर्नबीचा जन्म १५ मे १८६३ रोजी लिव्हरपूल येथे झाला. सोळाव्या वर्षी शाळा सुटली आणि तो वडिलांच्या व्यवसायात रोखपाल म्हणून बसला. १८९९ मध्ये वडील वारले, धंदा बंद पडला. मग मांसाची आयात करणाऱ्या एलियट नावाच्या व्यापाऱ्याकडे हिशेबनिसाची नोकरी. यंत्रशास्त्राचे शिक्षण म्हणाल तर शून्य!

घरी तो मुलांसाठी पत्रा कापून पूल, गाड्या, क्रेन बनवी. अडचण अशी की एका खेळण्याचे भाग दुसऱ्याला लागत नसत. शेवटी त्याला तोड सुचली. सगळ्या पट्ट्या अर्धा इंच रुंद आणि त्यांवर अर्ध्या अर्ध्या इंचावर सारखी भोके. मग कोणताही भाग कोणत्याही भागाला नटबोल्टने जुळतो. शिवाय त्याच भोकातून आस घातला की चाक फिरते, वेगळे बेअरिंग नको. आज क्रेन, उद्या पूल. मला तर यात हिशेबनिसाचेच डोके दिसते.

जानेवारी १९०१ मध्ये त्याने पेटंट मिळवले. त्यासाठी लागणारे पाच पौंडही त्याच्यापाशी नव्हते, ते मालकाकडून उसने घेतले. पुढे तोच मालक भागीदार झाला. पहिल्या संचात सोळा प्रकारचे भाग होते आणि बारा नमुन्यांचे एक पत्रक. माझ्या संग्रहातल्या सगळ्या पुस्तिकांचे मूळ ते पत्रक! १९०३ मध्ये दीड हजार संच खपले, नफा मात्र काहीच नाही. तरी १९०४ मध्ये त्याने सहा संच काढले आणि पुस्तिका इंग्रजी व फ्रेंच अशा दोन भाषांत दिल्या. खरे तर भाषा लागतेच किती? या अंकाच्या कन्नड विभागात लिहिणारा माझा मित्र आणि मी एकच पुस्तिका शेजारी बसून वाचतो, चित्रांवर बोट ठेवून.

१९०७ मध्ये मेकॅनो हे नाव आले, पाठोपाठ कंपनी, कारखाना, मासिक, १९२० मध्ये आगगाड्या, मग डिंकी मोटारी. १९३१ मध्ये तो पार्लमेंटात गेला आणि २१ सप्टेंबर १९३६ रोजी वारला. दोन वर्षांपूर्वीच, १९३४ मध्ये, मँचेस्टर विद्यापीठात हार्ट्री या शास्त्रज्ञाने मेकॅनोच्या भागांतून अवघड गणिते सोडवणारे यंत्र उभारले होते. लिव्हरपूलचा कारखाना १९७९ मध्ये बंद पडला.

हॉर्नबीचे सगळेच मला पटते असे नाही. पुस्तिकांवर मुलगेच दिसतात, यावरून माझी ताई त्याच्यावर रागावलेली आहे. पूरक संचांची युक्ती तर पक्की व्यापाऱ्याची. आपल्या संचात भर घातली की पुढचा क्रमांक, मग त्याच्याही पुढचा. आजोबांच्या पुस्तिकेत क्रेनच्या नमुन्याशेजारी लागणाऱ्या भागांची यादी छापली आहे. असलेल्या भागापुढे पेन्सिलीने बरोबरची खूण, नसलेल्यापुढे फुली. फुल्या दोनच आहेत. त्या दोन भागांवाचून क्रेन अडली, वडिलांजवळ पुढचा संच मागण्याचा धीर आजोबांना झाला नाही, आणि नंतर होता तोही गेला. गेल्या दिवाळीत मी विचारले म्हणून त्यांनी हे सांगितले.

आता त्या पानावरचे भाग सुटे सुटे जमवतो आहे. परवा साडेबारा इंची पट्टी मिळाली. आजोबांनी चष्मा न लावता, नुसते बोट फिरवून तिची भोके मोजली. पंचवीस भरली.