सदाशिवराव भाऊ व पानिपतची छावणी

पिंगळीहून परभणी, सेलू ओलांडून जाणारा लोहमार्ग परतुरास पोहोचतो. हा तालुका १९८१ सालापर्यंत आमच्याच जिल्ह्यात होता. मार्च १७६० मध्ये येथे पेशव्यांच्या फौजेची छावणी होती, आणि पुढे पानिपतावर जिचा नाश झाला ती सेना येथूनच उत्तरेस निघाली. तिचे सेनापती सदाशिवराव भाऊ यांचे नाव खेड्यातील लहान मुलासही ठाऊक असते. परंतु त्यांच्या अखेरच्या हिवाळ्याची हकीकत फार थोड्यांस माहीत असते, म्हणून आम्ही ती येथे देत आहो.

भाऊ हे वसई जिंकणाऱ्या चिमाजी आपांचे पुत्र. जन्म १७३० सालचा. आई तान्हेपणीच गेली, दहाव्या वर्षी पिताही निवर्तले, आणि आजी राधाबाईंनी त्यांस वाढविले. हिशेब व कारभार यांत ते मोठे कुशल निघाले. फेब्रुवारी १७६० मध्ये उदगिरास त्यांनी निजामाचा पराभव केला. मात्र उत्तरेतील युद्धाचा अनुभव त्यांस नव्हता. फौजेबरोबर बायकामुले व यात्रेकरूही पुष्कळ निघाले. हा भार सोबत घेतला ही मोठी चूक झाली असे आम्हांस वाटते. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई बरोबर होत्या. तरुण नाना फडणीसही काशीयात्रेची आशा धरून आईस व पत्नीस घेऊन आले होते.

ऑगस्टात दिल्ली व ऑक्टोबरात कुंजपुरा ही ठिकाणे हाती आली. इतक्यात अहमदशाह अब्दाली यमुना उतरून मागे येऊन बसला, आणि दख्खनची वाट बंद झाली. तेव्हा भाऊंनी पानिपताभोवती खंदक खणून तळ दिला. नोव्हेंबरच्या आरंभापासून सुमारे अडीच महिने ही छावणी राहिली. दख्खनच्या माणसास ती थंडी कशी सोसावी? अंगावर पुरेसे ऊबदार कपडे नाहीत, सरपण नाही, घोड्यांस दाणावैरण नाही. पुढे पुढे घोडे व बैल उपासाने पडू लागले. शोमरोनाच्या वेढ्याचा वृत्तांत ज्यांनी शास्त्रात वाचला आहे, त्यांस अधिक सांगणे नको.

या दिवसांत भाऊंचा आधार म्हणजे पत्रे. जासूद आडवाटेने निघत; काही पोहोचत, काही वाटेतच मारले जात. गोविंदपंत बुंदेल्यांस भाऊंनी धान्य व पैसा यांविषयी वारंवार लिहिले, कधी विनवून, कधी रागावून. ही पत्रे राजवाड्यांनी १८९८ साली प्रसिद्ध केली. सेनापतीची चिंता हिशेबनीसाच्या भाषेत कशी उतरते हे त्यांत दिसते. गोविंदपंत डिसेंबरात मारले गेले, आणि रसदेची आशा तेथेच खुंटली. पुण्याकडे बातमी जवळजवळ पोहोचेनाशी झाली. त्याच डिसेंबरात नानासाहेब पेशवे पैठणास दुसरा विवाह करीत होते! छावणीचे खरे हाल त्यांस कळले असते तर ते तेथे थांबले असते काय, असा प्रश्न मनात येतो.

१४ जानेवारी १७६१ रोजी उपाशी फौज खंदकाबाहेर पडली. दुपारनंतर पुतणे विश्वासराव गोळी लागून पडले. भाऊ हत्तीवरून उतरले, घोड्यावर बसले आणि गर्दीत शिरले. ते परत आले नाहीत. नाना फडणीस कसेबसे वाचले, पण पळापळीत त्यांची आई अंतरली.

नानासाहेबांस ही वार्ता भेलशाजवळ एका सावकाराच्या पत्रातून कळली. त्यात मोती व मोहरा गमावल्याचा सांकेतिक मजकूर होता. त्याच वर्षी जूनमध्ये ते पुण्यास वारले.

पार्वतीबाई जिवंत परतल्या. पती मेले यावर त्यांचा विश्वास बसला नाही, आणि त्यांनी वैधव्याची चिन्हे धारण केली नाहीत. मध्यंतरी भाऊंचे नाव सांगणारा एक तोतया निघाला. चौकशीअंती १७७६ साली त्यास देहान्त शासन झाले. तरीही बाईंनी वाट पाहणे सोडले नाही. १७८३ साली त्या निवर्तल्या, तोवर बावीस वर्षे त्यांनी कुंकू पुसले नव्हते.