रिकामी घागर आणि उपकारस्तुती

आजचं वाचन: हबक्कूक ३:१७-१८



आमचं तेरखेडा फटाक्यांसाठी ओळखलं जातं, पण उन्हाळ्यात इथं गाजतो तो टँकर. काल तो आलाच नाही. रिकामी घागर उंबऱ्याशी ठेवून मी हे वचन उघडलं. अंजीर फुलत नाही, शेतात पीक नाही, गोठ्यात गुरं नाहीत, आणि तरी संदेष्टा आनंद करतो! मराठवाड्यातल्या माणसाला यातला पहिला भाग समजावून सांगावा लागत नाही. दुसऱ्यावर मी अडले. तेव्हा पंडिता रमाबाई आठवल्या.

जन्म १८५८ चा. आईनं त्यांना संस्कृत शिकवलं, त्या काळी ही लहान गोष्ट नव्हती. १८७४ च्या सुमाराला दुष्काळानं घर उपाशी पडलं आणि थोड्याच महिन्यांत वडील, आई, थोरली बहीण असे तिघं गेले. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास पायी हिंडत कलकत्त्याला पोहोचले. १८८० मध्ये भाऊही गेला. त्याच वर्षी लग्न झालं, आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पतीला पटकीनं नेलं. पदरात वर्षाचीही न झालेली मनोरमा. स्वतःचं वय तेवीस.

१८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा झाला. इथं आपण घाई करतो, बाप्तिस्मा झाला म्हणजे समाधान आलं असं धरतो. रमाबाईंनी मात्र पुढं मोकळेपणानं लिहून ठेवलं की धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त स्वतः भेटायचा होता. त्यात आणखी आठेक वर्षं गेली. मधल्या काळात पुस्तक निघालं, शारदा सदन उघडलं, नाव झालं, तरी आतून रितंच. मला याचा फार आधार वाटतो. मीही वर्षानुवर्षं मंडळीत बसते आणि कुरकुर काही सुटत नाही.

मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. तिथल्या उपाशी मुली, विधवा पाहून त्यांना स्वतःचे जुने दिवस आठवले. अमेरिकेतून दहा वर्षांसाठी ठरलेल्या मदतीची मुदत संपत आली होती. हिशोब मांडला असता तर त्या एकट्याच परतल्या असत्या. त्यांनी सुमारे तीनशे जणींना केडगावला आणलं. गुजरातच्या दुष्काळानंतर मुक्तीत दीड हजारांहून जास्त तोंडं झाली. प्रार्थना करायची, येईल त्याची उपकारस्तुती करायची, आणि कामाला लागायचं. मला वाटतं, आपण त्या उपासातून वाचलो याचंच ऋण त्या मानत होत्या.

जुलै १९२१ मध्ये मनोरमाही गेली, चाळिशीत. इथं माझं वाचन थांबतं. रमाबाईंचं काम मात्र थांबलं नाही. मराठी बायबलसाठी त्या हिब्रू, ग्रीक शिकल्या होत्या, मुक्तीतल्याच बायका खिळे जुळवून ते छापत होत्या. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर आलं. हबक्कूकही त्यात आहेच.

दुपारी शेजारच्या काकूंनी दोन घागरी पाणी दिलं. मी आधी उपकारस्तुती केली. टँकरवाल्याला नावं ठेवली, पण ती नंतर.