चरित्र निबंध : पर्सी ब्रिजमन – धातूला सावकाश गार करणारा शास्त्रज्ञ



आपल्या आंबेगाव-जुन्नर भागात काही ठिकाणी काळ्या कातळात मोठमोठे पांढरे स्फटिक दिसतात. अशा खडकांच्या थरांना भूगर्भशास्त्रज्ञांनी मंचर आणि गिरवली ही आपलीच नावं दिली आहेत. हे स्फटिक एवढे मोठे कसे झाले? शिलारस वर येण्याआधी जमिनीखाली हळूहळू गार होत होता. वेळ मिळाला, म्हणून ते वाढले. हेच धातूच्या बाबतीत प्रयोगशाळेत करून दाखवलं पर्सी ब्रिजमन यांनी.

ब्रिजमन यांचा जन्म 21 एप्रिल 1882 रोजी अमेरिकेतील केंब्रिज गावी झाला. 1900 साली ते हार्वर्ड विद्यापीठात शिकायला गेले आणि पुढे आयुष्यभर तिथेच रमले. प्रचंड दाबाखाली पदार्थ कसे वागतात, हा त्यांचा मुख्य अभ्यास. त्यासाठी 1946 चं नोबेल पारितोषिक त्यांना मिळालं.

साधा ओतीव धातू साच्यात चहूबाजूंनी गार होतो. त्यामुळे त्यात असंख्य बारीक कण तयार होतात. ब्रिजमन यांना मात्र धातूचा एकच सलग स्फटिक हवा होता, कारण दिशेनुसार त्याचे गुणधर्म कसे बदलतात ते मोजायचं होतं. त्यांनी वितळलेला धातू निमुळत्या टोकाच्या नळीत घेतला आणि ती नळी उभ्या भट्टीतून अगदी सावकाश खाली सोडली. टोक आधी गार झालं, तिथे स्फटिक धरला आणि तोच वर वर वाढत गेला. घाई केली की मध्येच नवे कण धरतात आणि सगळं फसतं! ही पद्धत त्यांनी 1925 मध्ये मांडली.

याचा उपयोग काय, असं तेव्हा कुणीही विचारलं असतं. 20 ऑगस्ट 1961 रोजी ब्रिजमन वारले. त्यानंतर काही वर्षांतच जेट इंजिनाची पाती याच तत्त्वावर ओतली जाऊ लागली. भयंकर उष्णतेत गरगर फिरताना पातं कणांच्या सांध्यांत आडवं तडकतं. आडवे सांधेच नसले, की ते जास्त टिकतं. 2021 मध्ये हैदराबादच्या संरक्षण धातुकर्म प्रयोगशाळेनेही हेलिकॉप्टरच्या इंजिनासाठी निकेलच्या मिश्रधातूची एकस्फटिकी पाती बनवून दिली.

मुलांकडून एक प्रयोग जरूर करून घ्या. तुरटीचं गरम, दाट द्रावण दोन वाट्यांत घ्या. एक वाटी थंड पाण्यात ठेवा, दुसरी फडक्यात गुंडाळून रात्रभर हलवू नका. सकाळी कोणत्या वाटीत मोठे स्फटिक दिसतात, ते मुलांनाच सांगू द्या. आणि एखादं मूल सावकाश शिकत असेल, तर ही दुसरी वाटी आपणही आठवूया.