बेडरूममध्ये लॅब थाटली, शिवणाच्या सुयांनी प्रयोग केले अन् पुढे थेट नोबेल मिळवलं

१९४० साल. इटलीतलं तुरिन शहर. बाहेर दुसरं महायुद्ध पेटलेलं आणि इकडे एका घराच्या बेडरूममध्ये तिशीतली डॉक्टर अंड्यातल्या कोंबडीच्या गर्भावर ऑपरेशन करतेय. हत्यारं कोणती? तर घासून धार लावलेल्या शिवणाच्या सुया.

या डॉक्टरचं नाव रिटा लेव्ही-मोंताल्चिनी. शरीरातल्या पेशी कुणाच्या सांगण्यावरून वाढतात, या प्रश्नाचं पहिलं ठोस उत्तर पुढे त्यांच्याच कामातून मिळालं.

रिटांचा जन्म २२ एप्रिल १९०९ चा, ज्यू कुटुंबातला. मुलींनी फार शिकू नये, संसार करावा असं वडिलांचं मत. पण घरात सांभाळ करणाऱ्या बाई कॅन्सरने गेल्या आणि रिटांनी डॉक्टर व्हायचं ठरवलं. वडिलांना राजी करून त्या मेडिकलला गेल्या. १९३६ मध्ये पदवी मिळाली.

दोनच वर्षांत मुसोलिनीच्या सरकारने वंशभेदाचे कायदे आणले. ज्यू असल्यामुळे विद्यापीठाची दारं बंद झाली. मग त्यांनी घरीच लॅब थाटली. त्यांचे प्राध्यापक जुझेप्पे लेव्ही हेही ज्यू, त्यांचीही नोकरी गेलेली. तेच आता विद्यार्थिनीचे मदतनीस झाले. बॉम्बहल्ले वाढले तसं बिऱ्हाड खेड्यात हललं. लेकरांसाठी हवीत असं सांगून त्या शेतकऱ्यांकडून अंडी मागून आणायच्या. प्रयोग झाला की उरलेल्या अंड्यांचं घरात ऑम्लेट व्हायचं.

गर्भाचा वाढू लागलेला पाय किंवा पंख कापला की त्या भागाकडे जाणाऱ्या मज्जापेशी कमी दिसतात, हे अमेरिकेतल्या व्हिक्टर हॅम्बर्गर यांनी आधीच दाखवलं होतं. या पेशी तयारच होत नसाव्यात, असा त्यांचा अंदाज. रिटांना मात्र वेगळंच दिसलं. पेशी तयार होतात, वाढू लागतात आणि मग मरतात. म्हणजे त्यांना जगवणारं काहीतरी त्या अवयवाकडून मिळत असणार.

१९४३ मध्ये जर्मन सैन्य आलं, तेव्हा हे कुटुंब नाव बदलून फ्लॉरेन्समध्ये लपलं. युद्ध संपल्यावर हॅम्बर्गर यांनी त्यांना अमेरिकेत सेंट लुईसला बोलावलं. १९४७ मध्ये एका सत्रासाठी गेलेल्या रिटा तिथे जवळपास ३० वर्षं काम करत राहिल्या.

१९५२ मध्ये ट्यूमर असलेले उंदीर सोबत घेऊन त्या विमानाने ब्राझीलला गेल्या. तिथे काचेच्या भांड्यात ट्यूमरजवळ मज्जापेशी ठेवल्या, तर सूर्याच्या किरणांसारखे तंतू फुटले! ट्यूमर काहीतरी सोडत होता. ते नेमकं काय, याचा शोध बायोकेमिस्ट स्टॅनली कोहेन यांनी त्यांच्यासोबत लावला. सापाच्या विषात आणि उंदराच्या लाळग्रंथीतही तो पदार्थ सापडला. ते एक प्रथिन होतं : नर्व्ह ग्रोथ फॅक्टर.

ग्रोथ फॅक्टर म्हणजे एका पेशीने दुसरीला पाठवलेला निरोप. पेशीच्या पृष्ठभागावरच्या रिसेप्टरला तो चिकटतो आणि आत आदेश जातो : वाढ, विभाग किंवा जग. कोहेन यांना पुढे त्वचेच्या पेशी वाढवणारा एपिडर्मल ग्रोथ फॅक्टरही सापडला. आदेश गरज नसताना सुरूच राहिला तर कॅन्सर होऊ शकतो. म्हणूनच आज कॅन्सरची काही औषधं हा रिसेप्टरच अडवतात. नर्व्ह ग्रोथ फॅक्टरपासून बनलेले थेंब डोळ्याच्या बुबुळावरच्या एका दुर्मीळ आजारात वापरले जातात.

१९८६ मध्ये रिटा आणि कोहेन यांना नोबेल मिळालं. हॅम्बर्गर यांचं नाव मात्र त्यात नव्हतं. त्यावर पुढे बराच वाद झाला.

२००१ मध्ये इटलीने रिटांना तहहयात सिनेटर केलं. वयाची शंभरी गाठणाऱ्या त्या पहिल्या नोबेल विजेत्या. ३० डिसेंबर २०१२ रोजी, १०३ व्या वर्षी, रोममध्ये त्यांचं निधन झालं. ज्या देशाने एकेकाळी त्यांना लॅबबाहेर काढलं, त्याच देशाच्या संसदेत त्या शेवटपर्यंत सन्मानाने बसल्या.